सावली काढा, सावली घाला

फोटोला मराठीत छायाचित्र म्हणतात, म्हणजे सरळ सावलीचं चित्र. पण ऑनलाइन दुकानात वस्तू चढवताना सगळ्यात आधी उडते ती सावलीच. ॲमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते. बांबूचं सूप कापून पांढऱ्यावर ठेवलं की ते हवेत तरंगतं. मग ॲपमधून एक राखाडी डाग त्याच्याखाली सरकवायचा. ऊर्जानगरात राहून बचतगटांच्या बांबूकामाचे फोटो मी काढतो, त्यामुळे ही उलाढाल रोजची. ती किती जुनी आहे हे पाहायला गेलो, तर थेट फोटोग्राफीच्या जन्मापर्यंत पोचलो.

1839 साली हेन्री फॉक्स टॅलबटने आपला शोध जाहीर केला, तेव्हा त्याला तो सावली पक्की करण्याची कला म्हणत होता. 1844 पासून निघू लागलेल्या त्याच्या 'द पेन्सिल ऑफ नेचर' या पुस्तकात फळीवर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचा फोटो आहे. त्याचं म्हणणं असं की भांडी चोरीला गेली तर हा फोटो कोर्टात दाखवता येईल. म्हणजे मालाचा फोटो आधी पुरावा होता, जाहिरात तो नंतर झाला.

मुंबईत 1855 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे स्टुडिओ थाटला. पण स्टुडिओत यायची ती माणसं, माल नव्हे.

मला जास्त जवळचे वाटतात लक्ष्मणराव किर्लोस्कर. जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकताना रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर ते यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले. नंतर त्यांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन बिघडते म्हणून शेतकरी बिचकत होते. 1920 मध्ये कारखान्याचं 'किर्लोस्कर खबर' सुरू झालं. रंग दगा देतात त्याला वस्तू उजेड आणि सावलीतूनच कळत असणार, असा आपला माझा अंदाज.

फोटोशॉप 1990 मध्ये आलं, आणि 1998 च्या आवृत्तीत तयार सावली एका क्लिकवर मिळू लागली. तिथून बिघडलं. तयार सावली सगळीकडे सारखीच धूसर असते. खरी तशी नसते. सूर्य म्हणजे ठिपका नाही. आकाशात तो अर्धा अंश रुंद दिसतो. म्हणून वस्तू जिथे टेकते तिथे सावली गडद आणि धारदार असते, आणि वस्तूचा भाग जितका उंच तितकी त्याच्या सावलीची कड विरत जाते. सूर्य डोक्यावर असताना मीटरभर उंचीला ही धूसर कड साधारण 9 मिलिमीटर भरते. डोळ्याला हे हिशेब माहीत नसतात, पण खोटं लगेच खटकतं.

आणि नाही खटकलं तर जास्त वाईट. एका मध्यस्थ विक्रेत्याने उथळ परडीखाली लांब सावली चिकटवली. ती खोल टोपलीसारखी दिसली, ग्राहकाने परत पाठवली, आणि परतीचं भाडं विणणाऱ्या बाईच्या पैशातून कापलं गेलं. तिने तो फोटो पाहिलाही नव्हता.

2,920 मेगावॅटच्या वीज केंद्राशेजारी राहून मी फोटोसाठी एकही दिवा लावत नाही, याची घरी थट्टा होते. खिडकीला बटर पेपर, समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा, खाली पांढरा कार्डशीट. पेपरने कडा मऊ होतात, थर्माकोलने काळोख उजळतो. वस्तू कापायची नाही, फक्त कागद उजळत न्यायचा. टेकल्या जागेची सावली आपोआप उरते. विरळ विणीच्या परडीतून उजेडाची जाळी पडते, ती कुठल्याही क्लिकवर मिळत नाही.

मे महिन्याच्या 20 तारखेच्या आसपास चंद्रपुरात शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी बारानंतर काही मिनिटं सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते. त्या दिवशी उघड्यावर काढलेला बांबूचा पेला कापून चिकटवल्यासारखाच दिसतो. मी तेव्हा चारपर्यंत थांबतो. ऊन कलतं, पेल्याची सावली कार्डशीटवर उतरते, आणि त्याची उंची किती ते न लिहिताही कळतं.