चवदार तळ्यावर कोण गेले?

नागरिक राजकीय धोका का पत्करतात, या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर आपल्याकडे दिले जाते. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही नाही तो रस्त्यावर उतरतो. ज्याचा संसार मांडलेला आहे तो दाराआडून पाहतो. या मताला विद्वत्तेचा आधारही आहे. मॅन्कर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये दाखवले की सामूहिक लढ्याचे फळ घरी बसणाऱ्यालाही मिळते. मग शहाण्याने किंमत का मोजावी? युक्तिवाद बळकट आहे. पण महाडच्या चवदार तळ्यावर तो टिकत नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळेही खुले केले. तीन वर्षे हा हक्क कागदावरच राहिला. मग २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांबरोबर हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यांच्यापाशी गमावण्यासारखे काही नव्हते? महारकीचे वतन होते, बलुत्याचे धान्य होते, सवर्णांच्या शेतावरची मजुरी होती. कोकणच्या त्या पट्ट्यात लष्करातून निवृत्त झालेल्यांची घरे होती, त्यांची पेन्शने होती. गावाने वाळीत टाकले तर काय होते, हे मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात नोंदवून ठेवले आहे. ज्याच्या घरात आठवड्याचेच धान्य आहे, त्याने ते गमावणे जमीनदाराने शेत गमावण्याहून हलके कसे? गरिबाला गमावण्यासारखे काही नसते, हे पोट भरलेल्याचे अनुमान आहे.

कोणी म्हणेल, किंमत ठाऊक नव्हती म्हणून ते गेले. पण त्याच दिवशी, २० मार्चला, अस्पृश्य वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली. परिषदेच्या मंडपातल्या लोकांवर हल्ला झाला, गावी परतणाऱ्यांनाही मार बसला. आता किंमत प्रत्येकाला ठाऊक होती. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी जागा मिळेना. फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. तळ्यावर जाण्यास दिवाणी कोर्टाने मनाई केली. तरीही हजारो आले, तेही तुरुंगात जायच्या तयारीने. तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब करण्यासाठी बाबासाहेबांनाच त्यांची समजूत घालावी लागली. किंमत वाढली आणि माणसे हटली नाहीत. निव्वळ नफ्यातोट्याच्या हिशेबात हे कसे बसवायचे, ते वाचकांनीच ठरवावे.

मग १९२४ ते १९२७ या काळात बदलले काय? ठराव तेच होते, दारिद्र्य तेच होते, भीतीही तीच होती. बदलली ती बांधणी. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी परिषदेसाठी खपून माणसे जोडली. नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस उघडपणे बाजूला उभे राहिले. आपण निघालो तर शेजारीही निघेल, ही खात्री पटली. लहान गटातल्या मान-अपमानाचे वजन ओल्सनही मान्य करतो. माझ्या मते त्याच्या सिद्धांतातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि त्याचे अनुयायी नेमकी तीच मागे ठेवतात.

हे महाडपुरते नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी जायला विद्यार्थ्यांनी अर्ज केले. तिथे त्या जूनमध्ये तीन कार्यकर्त्यांचे खून झाले. गेलेले आणि ऐनवेळी मागे फिरलेले यांची तुलना समाजशास्त्रज्ञ डग मॅकअॅडम यांनी केली. निष्ठेत फारसा फरक नव्हता. गेलेल्यांचे चळवळीतल्या माणसांशी संबंध अधिक दाट होते.

म्हणून घरी राहिलेल्याला भित्रा ठरवणे अन्यायाचे आहे. त्याच्यापर्यंत निरोप घेऊन कोण गेले होते, हे आधी विचारा.

ओल्सनचे एक म्हणणे मात्र खरे ठरले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने तळ्याच्या दाव्यात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला आणि तळे न आलेल्यांचेही झाले. पण फळ सर्वांना मिळणार हे उघड असताना दहा वर्षांपूर्वी हजारो का निघाले, याचे उत्तर देण्याची जबाबदारी प्रतिपक्षावर आहे.