भाग: दुखतंय दुखतंय! जिंझू नदीकाठची भातशेती

फिजिक्सची आवड असेल तर सुपर-कामिओकांदे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जपानमध्ये एका डोंगराच्या पोटात, हजार मीटर खाली, ५०,००० टन अतिशुद्ध पाण्याची टाकी आहे. तिथल्या न्यूट्रिनो संशोधनासाठी २०१५ मध्ये ताकाआकी काजिता यांना नोबेल मिळालं. आजची गोष्ट त्याच डोंगराची आहे, पण तिथून बाहेर पडलेल्या घाण पाण्याची.

ही कामिओका खाण. १८७४ पासून मित्सुईने ती हळूहळू ताब्यात घेतली. इथून निघायचं शिसं आणि जस्त. जस्ताच्या खनिजात थोडं कॅडमियम असतंच. त्याला तेव्हा भाव नव्हता, त्यामुळे ते गाळाबरोबर नदीत जायचं. ताकाहारा नदीतून जिंझू नदीत, आणि जिंझूतून पाटाने तोयामाच्या भातखाचरांत. पुढे खनिज पिठासारखं दळून वेगळं करायची पद्धत आली. धातूचा उतारा वाढला, पण उरलेला गाळही इतका बारीक झाला की लांबवर वाहत गेला. त्यात युद्धांमुळे मागणी वाढतच राहिली.

पाटाचं पाणी खाचरात शिरतं त्या तोंडाशीच जास्त गाळ बसतो. कॅडमियम आणि जस्त रासायनिकदृष्ट्या भाऊभाऊ. भाताच्या मुळांना त्यांच्यात फारसा फरक कळत नाही, त्यामुळे कॅडमियम दाण्यापर्यंत पोचतं. रोज तोच भात खाल्ला की वर्षानुवर्षं ते मूत्रपिंडात साठत जातं. मूत्रपिंड बिघडलं की हाडांना लागणारी खनिजं लघवीवाटे निघून जातात आणि हाडं मऊ पडतात. साधा खोकला आला तरी बरगडी मोडायची. रुग्णांमध्ये बहुतेक जणी चाळिशीच्या पुढच्या, बाळंतपणं झालेल्या बायका. त्या कळवळून म्हणायच्या, ‘इताई, इताई’, म्हणजे दुखतंय, दुखतंय. रोगाचं नावच ते पडलं.

१९४६ मध्ये नोबोरू हागिनो हे डॉक्टर सैन्यातून परत आले आणि फुचू गावातला घरचा दवाखाना बघू लागले. त्यांनी पुढे काय केलं, तर रुग्णांची घरं नकाशावर मांडली. या गोष्टीतला हा भाग मला सगळ्यात आवडतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले बग सापडेना की लॉग काढून बसतो ना, अगदी तसंच. एका बाजूला कुमानो नदी, दुसऱ्या बाजूला इदा, मध्ये जिंझू. रुग्ण फक्त जिंझूच्या पाण्यावर शेती करणाऱ्या पट्ट्यात! शेजारच्या नद्यांचं पाणी वापरणारी गावं ठणठणीत. उपासमार किंवा अतिकष्ट हे कारण असतं, तर ते नदी बघून थांबलं असतं का?

१९५७ मध्ये त्यांनी खाणीकडे बोट दाखवलं. गावठी डॉक्टर म्हणून त्यांची हेटाळणी झाली. १९६१ मध्ये योशिओका यांच्यासोबत त्यांनी कॅडमियमचं नाव जाहीर केलं. सरकारने ते मान्य केलं १९६८ च्या मे महिन्यात. त्याआधी मार्चमध्येच गावकरी कोर्टात गेले होते. तिथे कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज पडली नाही, कारण खाण कायद्यात नुकसानीची जबाबदारी थेट होती. १९७१ मध्ये ते जिंकले, १९७२ मध्ये अपिलातही जिंकले.

पण माझ्या मते खरी कमाई निकालानंतरची आहे. गावकऱ्यांनी टोकियोत कंपनीच्या मुख्य कार्यालयात बसून करार लिहून घेतला: आम्हाला हवं तेव्हा आमचे तज्ज्ञ घेऊन प्रकल्पात शिरणार, तपासणार, आणि खर्च तुमचा. भरपाईचे पैसे एकदा हातात पडले की विषय संपतो. हा हक्क मात्र दरवर्षी वापरता येतो.

नदीतलं कॅडमियम कमी झालं, कारण पाणी वाहून जातं. माती कुठे जाणार? १९७९ मध्ये शेतं दुरुस्त करायला सुरुवात झाली. दूषित थर खरवडायचा, खाली पुरायचा, त्यावर माती दाबून घट्ट थर करायचा आणि वर डोंगरातली स्वच्छ माती पसरायची. हे काम संपलं २०१२ मध्ये! ८६३ हेक्टर, ३३ वर्षं, सुमारे ४० अब्ज येन. म्हणजे सुरुवातीला शाळेत जाणारा शेतकऱ्याचा पोरगा शेवटी चाळिशीत. आणि वर्षानुवर्षं मुरलेलं शेत गेल्यावर नव्या मातीत पुन्हा कस आणायचा, ते वेगळंच.

कामिओकातलं खाणकाम २००१ मध्ये थांबलं. धातू शुद्ध करण्याचा कारखाना मात्र अजून चालू आहे. त्यामुळे खालच्या गावांतले लोक दरवर्षी वकील आणि शास्त्रज्ञांना घेऊन डोंगर चढतात, आणि कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून आणतात.