पट आणि निकाल

एखाद्या शाळेची प्रत कशी आहे हे सांगावयाचे झाल्यास आपल्याकडील जुनी माणसे दोनच शब्द वापरीत : पट आणि निकाल. पट म्हणजे शाळेच्या दप्तरी नाव लागलेली मुले, आणि निकाल म्हणजे त्यांतून परीक्षेत उतरलेली मुले. हे दोन शब्द एका श्वासात उच्चारले जात असले, तरी सातारा जिल्ह्याच्या (अर्थात जुन्या, अखंड जिल्ह्याच्या, कारण ‘दक्षिण सातारा’ त्यातून १९४९ साली निराळा निघाला आणि सांगली हे नाव तर त्याला १९६० साली मिळाले) शैक्षणिक इतिहासात ते एकमेकांचे सोबती असण्यापेक्षा प्रतिस्पर्धीच अधिक वेळा होते, असे मला वाटत आले आहे.

इंग्रजी अमलातील गावशाळेचा पाया महसुलावर होता. जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून वसूल करावयाचा आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांकडे लावावयाचा, ही व्यवस्था मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या दशकात रूढ झाली. कृष्णाकाठचा कुणबी साऱ्याबरोबर हा आणाही मुकाट्याने भरी. मात्र ज्या शाळेसाठी तो भरावयाचा, तिच्या पटावर त्याच्या मुलाचे नाव क्वचितच असे, कारण ते मूल त्या वेळी गुरांमागे माळावर असे. बिगारीपासून चढत मराठी चौथी संपली, की वाट दुभंगे. ज्यांना फी परवडे ते इंग्रजी पहिलीत जाऊन तीन यत्तांचे ते मिडल स्कूल पार करून हायस्कुलाकडे वळत. इतर, मराठीतच राहून, मुलकी परीक्षेच्या, म्हणजे पुढे जिला व्हर्नाक्युलर फायनल किंवा नुसते ‘फायनल’ म्हणू लागले तिच्या, मागे लागत. फायनल झालेल्या मुलाला मास्तरकी अथवा तलाठ्याची जागा मिळण्याची आशा असे. त्यामुळे गावाच्या लेखी शाळेची इभ्रत यंदा फायनलला किती बसले आणि किती उतरले, एवढ्यावरच ठरे.

सरकारच्या लेखीही मापन फारसे निराळे नव्हते. वर्षाकाठी दिपोटीसाहेबांची, म्हणजे शाळा तपासणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरची, स्वारी येई, हजेरीपत्रक आणि मुले यांची पडताळणी होई, पावकी-निमकी म्हणवून घेतली जाई, मोडी वाचवून पाहिली जाई, आणि शेरेबुकात चार ओळी उमटत, ज्यांवर मास्तरांची बढती अवलंबून असे. अनुदानित शाळांच्या बाबतीत तर हिशेब याहून रोखठोक होता. विलायतेत रॉबर्ट लो याने १८६२ साली रूढ केलेले, परीक्षेत उतरलेल्या डोक्यांच्या मानाने पैसे देण्याचे तत्त्व त्याच दशकात मुंबई इलाख्यानेही उचलले. मॅथ्यू अर्नोल्ड हा कवी स्वतः शाळातपासनीस असूनही (किंवा असल्यामुळेच म्हणा) त्या पद्धतीचा कडवा टीकाकार होता. कारण जे मूल उशिरा शिकते ते अशा व्यवस्थेत मूल न राहता तोट्याची बाब होऊन बसते, हे वर्गात उभे राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. चांगला निकाल लावण्याचा सर्वांत सोपा मार्ग चांगले शिकविणे हा नसून, कच्ची मुले पटावर येऊच न देणे हा आहे.

या सबंध यंत्रणेवर आपल्याकडील पहिले मर्मग्राही भाष्य जोतीराव फुल्यांचे आहे. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, हा योगायोग नमूद करण्याजोगा खराच. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात, रयतेच्या पैशातून वरिष्ठ वर्गांचे उच्च शिक्षण पोसले जाते हा त्यांचा मुख्य आक्षेप सुप्रसिद्धच आहे; परंतु तपासणीविषयीचा मजकूर सहसा कोणी वाचीत नाही. दिपोटीने वर्षातून एकदा येऊन जाणे निरुपयोगी आहे, निदान तिमाहीस एकदा तपासणी व्हावी, शिवाय आगाऊ वर्दी न देताही शाळा पाहाव्यात; गावकामगार आणि तालुक्याचे अंमलदार यांच्यावर भिस्त ठेवू नये, कारण त्यांच्या कामाच्या रगाड्यात त्यांची परीक्षा वरवरचीच होणार, असे त्यांचे म्हणणे होते. मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल यांच्या जोडीला शेतीची मूलतत्त्वे आणि आरोग्य शिकवावे, मास्तराचा पगार वाढवावा, असेही त्यात आहे. वर्दी न देता शाळा पाहावी ही सूचना मला विशेष वाटते. कारण वर्दी दिलेल्या दिवशी दिसते ती शाळा नव्हे, तो समारंभ असतो.

आता पटाकडे वळू. साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीच्या वर्गात एक नाव दाखल झाले : भिवा, वडिलांचे नाव रामजी, रजिस्टरचा क्रमांक १९१४. पुढे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगाने ओळखलेल्या त्या विद्यार्थ्याचे हे पान आज जपून ठेवलेले आहे, आणि त्या तारखेस राज्यभर विद्यार्थी दिन पाळला जातो. परंतु त्या काळच्या एखाद्या तपासनिसाने हे रजिस्टर हाती घेतले असते, तर त्यास काय दिसले असते? जातीचा रकाना भरलेला, फी जमा, हजेरी ठीक. सर्वांना खुली असलेली सरकारी शाळा. वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसण्यासाठी त्या मुलाला घरून गोणपाट आणावे लागे आणि शाळेचा शिपाई हजर नसल्यास तहान दाबून ठेवावी लागे, हे त्यांनी स्वतः पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवले. शेरेबुकात त्यासाठी रकानाच नव्हता. पटावर नाव असणे आणि शाळेत असणे यांतील अंतर एका गोणपाटाएवढे होते.

पट हाच शाळेचा खरा निकाल मानणारा पुरुष या जिल्ह्याला भाऊराव पाटलांच्या रूपाने मिळाला. दुधगावच्या आरंभीच्या खटपटीनंतर ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग निघाले, त्यात निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली, आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्यास कोल्हापूरच्या छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुलांनी आपला स्वयंपाक स्वतः करावयाचा, शेतावर खपावयाचे आणि त्याच हातांनी पाटी धरावयाची, हा तेथील शिरस्ता. या वसतिगृहाच्या चुलीसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, हे सातारकरांना सांगावयास नको. १९३७ नंतरच्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात, जेथे लोकल बोर्डाची शाळा पोचली नव्हती अशा वाड्यावस्त्यांतून व्हॉलंटरी शाळा निघाल्या, आणि १९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीरावांच्या नावे विनाफीचे वसतिगृहयुक्त हायस्कूल सुरू झाले. अशा शाळांतून येणारे मूल घरातील पहिले अक्षर गिरविणारे; त्याचा निकाल शहरातील वकिलाच्या मुलाशी ताडून पाहणे म्हणजे घाट चढून आलेल्या बैलाची चाल सपाटीवरील घोड्याशी मोजणे होय. स्वतः मॅट्रिकही न झालेल्या भाऊरावांना पुणे विद्यापीठाने १९५९ साली डी.लिट. दिली, यात विद्यापीठाचाही गौरव झाला.

स्वातंत्र्यानंतर मोजण्याची साधने बदलली, हव्यास बदलला नाही. १९५० नंतरच्या दशकात आलेल्या चौथी-सातवीच्या स्कॉलरशिपने गावोगावच्या शाळांना नवे मानदंड दिले. ‘आमच्या शाळेचे इतके शिष्यवृत्तीधारक’ अशी पाटी मास्तर अभिमानाने रंगवू लागले, आणि निवडक मुलांचे जादा तास रात्री कंदिलाच्या उजेडात चालू झाले. त्या मास्तरांच्या कष्टांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मात्र कंदिलाभोवती न बसविलेली उरलेली मुले वर्गात असतच. अलीकडे साताऱ्याच्याच कुमठे बीटातील जिल्हा परिषद शाळांनी प्रत्येक मुलाला आपल्या गतीने शिकू देण्याचा जो प्रयोग केला, तो पाहावयास सबंध महाराष्ट्रातून शिक्षक येऊन गेले. बीट हा शब्द वस्तुतः तपासणीचा, दिपोटीच्या वंशातला. त्याच हद्दीतून ही गोष्ट निघावी, याची मला गंमत वाटते.

वाळवे तालुक्यातील वाटेगावात, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, १९२० साली जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांचे शालेय शिक्षण अवघ्या दीड दिवसाचे, असे सांगतात. त्या काळच्या कोणत्याही तपासणीत असे मूल शाळेच्या निकालात धरले जात नसे; पटावरून नाव कमी केले, की शाळेची टक्केवारी उलट सुधारे. जुन्या शाळांची रजिस्टरे आज पाहावयास मिळतात तेव्हा लोक पहिल्या पानांवर थोरांची नावे शोधतात. मी मात्र शेवटचा रकाना आधी वाचतो : शाळा सोडल्याचे कारण. तेथे पानामागून पान एकाच वळणाच्या अक्षरात लिहिलेले असते, ‘सतत गैरहजर’.