पट्टी चिकटू नये म्हणून

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकिगत छापून आली. कावसजी हा इंग्रजी फौजेबरोबरचा मराठा गाडीवान. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं. वर्षभराने, वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं.

ही गोष्ट नेहमी नाकासाठी सांगतात. मला त्यातली पट्टी मोलाची वाटते. पाण्यात कालवलेला काथ कापडाच्या पट्ट्यांवर पसरायचा, अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवून सांधा पक्का करायचा. चार दिवस दुसरं काही लावायचं नाही. मग त्या काढून तुपात बुडवलेलं कापड ठेवायचं. काथातलं टॅनिन जखम आवळतं, जंतूंना अटकाव करतं. तुपाचं कापड चिकटत नाही. एवढा विचार करणाऱ्या त्या माणसाचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही, याची खंत वाटते.

पुढे कापसाचं गॉज आलं. स्वस्त, निर्जंतुक, पण वाळलं की जखमेला घट्ट धरतं आणि ओढताना नवी कातडीही सोलून नेतं. जळिताच्या रुग्णाला रोजचं ड्रेसिंग नकोसं होतं ते यामुळे. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी त्यावर घरगुती वस्तू नीट तपासून पाहिल्या. मुंबईत डॉ. केसवानींनी १९८५मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी मांडली. सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१मध्ये १०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला: मध लावलेल्या ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या. मुंबईतल्याच शीवच्या टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान वापरलं. ते जखमेला चिकटतच नाही.

हळदीची वाट न्यायालयासारख्या लढ्यातून गेली. १९९५मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं. ते १९९७मध्ये रद्द करून घेणाऱ्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले (एनसीएल) पॉलिमरचे संशोधक.

आता हळद आणि पॉलिमर एकाच धाग्यात येत आहेत. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. योग्य द्रावकात पॉलिलॅक्टिक आम्ल या पॉलिमरबरोबर मात्र विरघळतं. हे द्रावण सुईतून सोडून हजारो व्होल्टचा दाब दिला की थेंब ताणला जातो, द्रावक उडून जातं आणि केसाहून कितीतरी बारीक तंतूंचं जाळं जमतं. हे तंतू शरीरातल्या पाण्याने हळूहळू तुटतात. उरतं ते लॅक्टिक आम्ल, दह्यात असतं तेच. दुसरीकडे, एनसीएलमधल्या संशोधनातून उभी राहिलेली सेरिजेन ही कंपनी रेशमातल्या फायब्रॉइन या प्रथिनावर काम करते. सुश्रुताने सांगितलेल्या पट्ट्यांच्या कापडांतही रेशीम आहेच.

हळदीच्या तंतूंची अडचण वेगाची आहे. तंतूच्या पृष्ठभागावरचं औषध पहिल्याच दिवशी सुटून जातं. पॉलिलॅक्टिक आम्ल विरायला मात्र महिने, कधी वर्षंही लागतात, आणि जखम त्याआधीच भरलेली असते. म्हणून त्यात ग्लायकोलिक आम्ल किंवा जिलेटिन मिसळून पाहतात. अशा प्रत्येक नव्या तंतूची तुलना केवळ कोरड्या गॉजशी होऊ नये. सोलापूरचा मध आणि शीवचं केळीचं पान शेजारी ठेवून, खर्चासकट ती व्हायला हवी.