विद्यापीठांचा ऑनलाइन मानसिक आधार : नव्या वाचकांसाठी प्रस्तावना

विद्यापीठे आपल्या विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी ऑनलाइन काय करतात, हा विषय वरवर पाहता प्रशासनाचा वाटतो. परिपत्रके, समित्या, संकेतस्थळाच्या कोपऱ्यात दिलेला एखादा दूरध्वनी क्रमांक. यात अभ्यासण्यासारखे ते काय, असे तुमच्या मनात आले तर त्यात वावगे काही नाही. तरीही वाचकांनी इथे थोडे थांबावे, अशी विनंती आहे. मानसशास्त्र, समाजकार्य, कायदा आणि संगणक यांपैकी कोणत्याही शाखेतून तुम्ही आलात, तरी या क्षेत्रात तुमच्या वाट्याला काम आहे.

निकडीबद्दल फार लिहायला नको. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि त्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर आहे. या आकड्याने मन सुन्न होते. पण नुसते सुन्न होऊन अभ्यास होत नाही. म्हणून आकडा ध्यानात ठेवून आपण यंत्रणेकडे वळू.

मराठी वाचकाला या विषयाचा एक धागा घराजवळच सापडेल. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्या शाळेने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. भारतातले ते अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते. वर्गात शिकवायचे आणि शिकवलेले गावात, वस्तीत नेऊन पारखायचे, हा त्या संस्थेचा रिवाज. पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या नावाने ती देवनारला स्थिरावली आणि २०१२ मध्ये तिथेच ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवा सुरू झाली. दूरध्वनी, ईमेल आणि चॅट अशा तिन्ही मार्गांनी प्रशिक्षित समुपदेशक उपलब्ध. मुख्य म्हणजे, ही सेवा त्या संस्थेच्या विद्यार्थ्यांपुरती राखून ठेवलेली नाही. आपले ज्ञान कुंपणाबाहेर नेणारी ही परंपरा मुंबईत रुजली, याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नसावी.

दूरध्वनी असताना ईमेल आणि चॅट कशाला, असा प्रश्न नवख्या वाचकाला पडतो. सदाशिव पेठेत ‘कॉट बेसिस’वर राहणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. एका खोलीत चार कॉट. एक मैत्रीण अभ्यास करते आहे, दुसरी झोपली आहे, तिसरी घरी फोनवर बोलते आहे. या मुलीने मन मोकळे करायचे तरी कुठे? गॅलरीत गेले तर घरमालकीण ऐकणार. तिला बोलता येत नाही, टाइप मात्र करता येते; तेही बहुधा रोमन लिपीतले मराठी, मध्येच इंग्रजी, मध्येच पुसलेली ओळ. असा मजकूर वाचून त्याला नीट उत्तर देणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. आवाजातला कंप ऐकू येत नाही, उत्तराला उशीर लागला तर समोरची व्यक्ती रडते आहे की झोपी गेली हे कळत नाही. तातडीच्या प्रसंगी म्हणूनच ईमेल पुरत नाही. तिथे फोनच हवा.

रात्रीच्या वेळेचे महत्त्व इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांनी फार आधी ओळखले. एसेक्स विद्यापीठात १९७० मध्ये ‘नाइटलाइन’ सुरू झाली. विद्यार्थ्यांनीच रात्री जागून विद्यार्थ्यांचे ऐकायचे, सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचे. पुढे इतर विद्यापीठांनीही हा प्रघात उचलला आणि फोनच्या जोडीला ईमेल व चॅट आले. २०२०च्या टाळेबंदीच्या वर्षी ‘स्टुडंट माइंड्स’ या तिथल्या संस्थेने ‘स्टुडंट स्पेस’ उभारले. आपल्या विद्यापीठाचे नाव शोधले की तिथली मदत कुठे मिळेल, हे विद्यार्थ्याला एकाच ठिकाणी कळावे, ही त्यामागची कल्पना. दिसायला साधी, पण विद्यापीठे आपली माहिती एकत्र ठेवायला राजी होणे ही सोपी गोष्ट नव्हे.

या क्षेत्रातला माझ्या मते सर्वांत बोलका प्रयोग ऑस्ट्रेलियातला आहे. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीने २००१ मध्ये ‘मूडजिम’ हा स्वाध्यायाचा कार्यक्रम इंटरनेटवर मोफत खुला केला. २००४ मध्ये हेलन क्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी नैराश्याची लक्षणे असलेल्या ५२५ जणांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला मूडजिम, दुसऱ्याला नैराश्याची केवळ माहिती देणारे संकेतस्थळ, तर तिसऱ्याशी दर आठवड्याला फोनवर नुसत्या गप्पा. पहिल्या दोन्ही गटांतली लक्षणे तिसऱ्याच्या तुलनेत कमी झाली. म्हणजे चांगली लिहिलेली माहितीसुद्धा उपयोगी पडते! मात्र इथे घाई करू नका. संकेतस्थळ वापरणाऱ्या दोन्ही गटांनाही दर आठवड्याला कोणीतरी फोन करून विचारत होते. हाच कार्यक्रम कोणाच्याही विचारपुशीविना उघडणाऱ्या सर्वसामान्यांपैकी फारच थोडे शेवटपर्यंत पोहोचले. या क्षेत्रातले पुढचे बहुतेक वाद इथून फुटतात, आणि माझा कल विचारलात तर तो त्या फोन करणाऱ्या माणसाकडे आहे.

आपल्याकडे एप्रिल २०२०मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना हेल्पलाइन सुरू करण्यास सांगितले. जुलैत विद्यार्थ्यांना मानसिक आधार देणारा केंद्राचा ‘मनोदर्पण’ उपक्रम आला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ सुरू झाले आणि १४४१६ हा चोवीस तासांचा निःशुल्क क्रमांक देशाला मिळाला. २५ जुलै २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे क्रमांक वसतिगृहांत, वर्गांत आणि संकेतस्थळांवर ठळक, वाचता येतील अशा अक्षरांत लावण्याचे निर्देश दिले. अक्षराच्या आकारापर्यंत न्यायालयाला यावे लागले, कारण अनेक संकेतस्थळांवर ‘स्टुडंट कॉर्नर’मधून शिरल्यावर हाती लागते ती समितीची स्कॅन केलेली यादी, आणि क्रमांक असलाच तर कार्यालयीन वेळेतला.

गोपनीयतेचे प्रकरण मात्र वाचकांनी सावकाश वाचावे. भेटीची वेळ घेण्यासाठी गूगल फॉर्म भरायचा. त्यात नाव, विभाग, पीआरएन क्रमांक. ती नोंद कोणाच्या खात्यात जमा होते? विभागप्रमुखांना दिसते का? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम २३ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क देते, आणि कलम २४ डिजिटल नोंदींनाही आपल्या कक्षेत घेते. समुपदेशकाकडे येणारा प्रत्येक विद्यार्थी आजारी नसतो, हे खरे. पण मग आजारी नसलेल्याची माहिती कोणत्या आधारावर जपायची, हे विद्यापीठानेच लिहून ठेवायला हवे.

सुरुवात कुठून करावी? आधी कॅनबेराची चाचणी वाचा, मग कायद्याची ही दोन कलमे, त्यानंतर न्यायालयाचा निकाल. मग रात्री अकरानंतर स्वतःच्या विद्यापीठाचे संकेतस्थळ मोबाइलवर उघडा आणि मदतीपर्यंत पोहोचायला किती वेळा बोट लावावे लागते, मराठीत काही मिळते का, हे टिपून ठेवा. ते टिपण घेऊन समुपदेशन कक्षात जा आणि तिथल्या माणसांचे म्हणणे ऐका. त्यांच्या अडचणी कोणत्याही अहवालात सहसा आलेल्या नसतात. जाताना आधी वेळ ठरवा, आणि परीक्षेचे आठवडे टाळा. त्या दिवसांत त्यांच्याकडे विद्यार्थ्यांखेरीज कोणासाठीच सवड नसते.