एडीएचडीच्या औषधोपचारातील सहदेखभाल (कोल्हापूर जिल्हा)

अवधान-अभाव व अतिचंचलता विकार, म्हणजे प्रचलित भाषेत एडीएचडी, असलेल्या रुग्णाचे निदान, औषधाची निवड व मात्रा मनोविकारतज्ज्ञाने किंवा बालविकासतज्ज्ञाने ठरवायची आणि मात्रा स्थिरावल्यावर नियमित देखरेख रुग्णाच्या घराजवळच्या फॅमिली डॉक्टरने करायची, अशा कामाच्या वाटणीस सहदेखभाल म्हणतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत ही वाटणी लेखी कराराने होते. कोल्हापूर जिल्ह्यात, आणि एकूणच महाराष्ट्रात, ती तज्ज्ञाची चिठ्ठी, पालकांच्या हातातली फाईल आणि दोन डॉक्टरांमधला फोन यांवर चालते. येथे तिला नाव नाही, नमुनाही नाही. औषधविषयक कायदा तिची मर्यादा बऱ्याच अंशी ठरवतो, त्यामुळे येथे वाटून घेता येते ते प्रामुख्याने मोजमाप, औषध लिहिण्याचे काम नव्हे.

या विकारात लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावळेपणा ही लक्षणे बालवयातच सुरू होतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणानुसार ती बारा वर्षांच्या आत दिसलेली असावीत, किमान सहा महिने टिकलेली असावीत आणि घर व शाळा अशा निदान दोन ठिकाणी जाणवावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणाने पूर्वीचे ‘अतिचंचलता विकार’ हे शीर्षक सोडून एडीएचडी हेच नाव स्वीकारले. सहा वर्षांखालील मुलांत पालक-प्रशिक्षणाला प्राधान्य असते. मोठ्या मुलांत व प्रौढांत दैनंदिन जीवनात अडथळा येत असेल तर औषधाचा विचार होतो.

औषधांत मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक वर्गातील औषध प्रमुख आहे. स्वित्झर्लंडमधील सिबा या कंपनीत लिअँड्रो पानिझॉन या रसायनशास्त्रज्ञाने ते १९४४ मध्ये तयार केले आणि १९५४ पासून ते रिटालिन या नावाने विक्रीस आले. भारतात ते इन्स्पायरल, अ‍ॅडवाईज, कॉन्सर्टा अशा नावांनी ओळखले जाते. साध्या गोळीचा परिणाम तीन ते चार तास टिकतो, तर सावकाश विरघळणाऱ्या गोळीचा सुमारे बारा तासांपर्यंत. शाळेच्या वेळेत दुसरी गोळी कोणी द्यायची हा प्रश्न त्यावर अवलंबून असतो. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेले औषध अमेरिकेत २००२ मध्ये मान्य झाले; त्याचा पूर्ण परिणाम दिसण्यास चार ते सहा आठवडे लागतात आणि मात्रा वजनावर ठरते. काही रुग्णांना क्लोनिडीन दिले जाते. ब्रिटन व अमेरिकेत सर्रास वापरली जाणारी अ‍ॅम्फेटामिन वर्गातील औषधे भारतीय बाजारात नसल्याने येथील तज्ज्ञापुढे पर्याय मोजकेच असतात, आणि त्यांतील सर्वांत परिणामकारक पर्यायाभोवतीच कायद्याचे कुंपण सर्वांत उंच आहे.

मिथाइलफेनिडेट हे १९८५ च्या अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाच्या सूचीत आहे आणि १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील शेड्यूल एक्समध्येही आहे. शेड्यूल एक्समधील औषध विकण्यासाठी दुकानदाराला नेहमीच्या परवान्याव्यतिरिक्त ‘२०-एफ’ नमुन्यातील वेगळा परवाना लागतो, साठा कुलुपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत घ्यावी लागते आणि तिची एक प्रत दोन वर्षे जपावी लागते. चिठ्ठीवर डॉक्टरने स्पष्ट लिहिले नसेल तर तिच्यावर दुसऱ्यांदा औषध देता येत नाही. याचा व्यवहारातील अर्थ असा की गल्लीतल्या मेडिकलमध्ये हे औषध सहसा मिळत नाही. ज्या थोड्या विक्रेत्यांनी हा परवाना घेतलेला असतो त्यांच्याकडेच जावे लागते. नियमात ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक’ असा शब्दप्रयोग आहे, मनोविकारतज्ज्ञ असा नाही; म्हणजे एमबीबीएस फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीला नियमाची आडकाठी नाही. तरीही दोन प्रतींची चिठ्ठी, अमली पदार्थांच्या कायद्याची छाया आणि तपासणीची धास्ती यांमुळे सामान्य डॉक्टर अशी चिठ्ठी लिहिण्यास धजत नाही आणि विक्रेताही तज्ज्ञाच्या चिठ्ठीचाच आग्रह धरतो. कायद्याने न घातलेली ही बंदी व्यवहाराने घातलेली आहे. अ‍ॅटोमॉक्सेटिन व क्लोनिडीन ही औषधे शेड्यूल एक्समध्ये नसल्याने ती साध्या चिठ्ठीवर मिळतात, आणि म्हणूनच ज्या कुटुंबाला दर महिन्याचा प्रवास झेपत नाही त्याच्यासाठी तज्ज्ञ कधीकधी परिणामापेक्षा उपलब्धतेचा विचार करून त्यांची निवड करतात. निवडीचे हे कारण फाईलवर क्वचितच लिहिले जाते.

दूरवैद्यकाने हा प्रवास वाचेल अशी अपेक्षा होती, परंतु २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने लागू केलेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांत शेड्यूल एक्समधील आणि १९८५ च्या अधिनियमाखालील औषधे दूरवरून लिहून देण्यास मनाई आहे. तज्ज्ञ व्हिडिओवरून मुलाला पाहू शकतो, पालकांशी बोलू शकतो, शिक्षकांचा अहवाल वाचू शकतो, पण मिथाइलफेनिडेटची चिठ्ठी देऊ शकत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ३८.७६ लाख होती. शासकीय सेवेचे केंद्र म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, ज्याला जिल्हाभर सीपीआर म्हणतात. खासगी क्षेत्रात कसबा बावडा येथे १९८९ पासून डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आहे. खासगी तज्ज्ञांचे दवाखाने मुख्यतः शहरात, राजारामपुरी-शाहूपुरीसारख्या भागांत एकवटले आहेत. करवीर, हातकणंगले, कागल या तालुक्यांना शहर जवळचे आहे. गगनबावडा, राधानगरी, आजरा येथून मात्र एका तपासणीसाठी पूर्ण दिवस मोडतो, आणि शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या चंदगडच्या लोकांना कोल्हापूरपेक्षा कर्नाटकातील बेळगाव कितीतरी जवळ पडते. पावसाळ्यात हे अंतर आणखी वाढते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने पुणे-बंगळूरू महामार्ग बंद पडला होता. अशा वेळी महिन्याच्या हिशेबाने मिळणारे औषध संपले तर पर्याय उरत नाही. मिथाइलफेनिडेट काही दिवस न मिळाल्यास लक्षणे परततात, एवढ्यावरच बहुधा भागते. क्लोनिडीन मात्र एकाएकी थांबवल्यास रक्तदाब उसळून वर जाऊ शकतो. हा फरक तज्ज्ञाला ठाऊक असतोच; तो गावातल्या डॉक्टरलाही ठाऊक असणे हे सहदेखभालीचे पहिले काम मानावे लागेल.

गावातला हा डॉक्टर बहुतेकदा एमबीबीएस नसतो. ग्रामीण महाराष्ट्रात फॅमिली डॉक्टरचे काम मोठ्या प्रमाणावर आयुर्वेद व होमिओपॅथीचे पदवीधर करतात. आयुर्वेद पदवीधरांना १९९२ च्या राज्य अधिसूचनेने आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली आणि होमिओपॅथी पदवीधरांसाठी २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आला. या दोन्ही मुभांवर वैद्यकीय संघटनांचा आक्षेप कायम आहे. हा वाद कोणत्याही बाजूने सुटला तरी वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी आणि रक्तदाबाचे यंत्र वापरण्यास तो आड येत नाही, आणि सहदेखभालीचा मोठा भाग तेवढ्यावर उभा आहे.

या भागाचे स्वरूप ब्रिटनच्या नाइस या संस्थेने मार्च २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत नेमके दिले आहे. मुलांची उंची दर सहा महिन्यांनी मोजावी. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे वजन दर तीन महिन्यांनी, त्याहून मोठ्या मुलांचे सुरुवातीला तिसऱ्या व सहाव्या महिन्यात आणि नंतर दर सहा महिन्यांनी पाहावे. नाडी व रक्तदाब प्रत्येक मात्राबदलाच्या आधी व नंतर आणि पुढे दर सहा महिन्यांनी तपासावेत, असे ती सांगते. भारतीय मुलांचे मोजमाप ज्यावर मांडायचे ते ५ ते १८ वर्षांसाठीचे वाढीचे आलेख भारतीय बालरोगतज्ज्ञ अकादमीने २०१५ मध्ये सुधारून प्रसिद्ध केले आणि त्यांमागील कामात पुण्यातील बालरोगतज्ज्ञ खाडिलकर यांचा मोठा वाटा होता. सुटे आकडे फारसे काही सांगत नाहीत; आलेखावर सलग तीन-चार बिंदू पडले की भूक मंदावल्याने मुलाची रेषा खाली सरकते आहे का हे दिसते. दुपारच्या जेवणाला तोंड न लावणारे मूल रात्री भरपेट जेवते की नाही हे विचारायला घरची माणसे ओळखणारा डॉक्टरच अधिक सोयीचा. उन्हाळी सुट्टीत औषध काही आठवडे थांबवून वाढीला वाव देण्याची पद्धत काही तज्ज्ञ वापरतात. तो निर्णय तज्ज्ञाचा असला तरी त्याला लागणारे आकडे वर्षभर गावातच जमा होतात.

फॅमिली डॉक्टरचे दुसरे काम कमी दिसणारे, पण अधिक जोखमीचे आहे. एडीएचडीचे औषध घेणारे मूल सर्दी, खोकला, दमा यांसाठी त्याच्याचकडे येते. सर्दीच्या सिरपमधील फिनाइलेफ्रिनसारखे घटक मिथाइलफेनिडेटबरोबर रक्तदाब वाढवू शकतात. दम्यासाठी वाफेतून दिलेले साल्ब्युटामॉल अ‍ॅटोमॉक्सेटिन घेणाऱ्या मुलाची नाडी अधिक जलद करू शकते. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन ही नैराश्यावरील औषधे अ‍ॅटोमॉक्सेटिनचे रक्तातील प्रमाण वाढवतात. दम्याच्या झटक्यात साल्ब्युटामॉल थांबवायचे नसते, पण नाडीवर लक्ष ठेवायचे असते. मानसिक आजाराच्या गोळ्यांचा उल्लेख पालक अनेकदा संकोचाने टाळतात, म्हणून तज्ज्ञाने फॅमिली डॉक्टरला लिहिलेले पत्र हे येथे केवळ शिष्टाचार राहत नाही. त्या पत्रात निदान, औषधाचे मूळ नाव, मात्रा, पुढील तपासणीचा महिना आणि कोणते लक्षण दिसल्यास तातडीने परत पाठवायचे एवढे असले तरी पुरे होते: छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, डोळे पिवळे होणे, आत्महत्येचे बोलणे.

ब्रिटनमध्ये अडचण उलट दिशेने येते. तेथे सरकारी यादीत वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते म्हणून लोक खासगी तज्ज्ञाकडून निदान करून घेतात, आणि मग सरकारी फॅमिली डॉक्टर त्या निदानावर औषध चालू ठेवण्यास नकार देऊ शकतो, कारण करार स्वीकारणे त्याच्यावर बंधनकारक नाही. कोल्हापुरात तज्ज्ञही बहुधा खासगी, फॅमिली डॉक्टरही खासगी आणि खर्च बहुतांशी कुटुंबाच्या खिशातून. नकाराचा प्रश्न येत नाही, कारण विचारणाच औपचारिकपणे होत नाही. देखरेखीच्या भेटीचे पैसे कोणी घ्यायचे हेही ठरलेले नसते, आणि फीशिवाय केलेले मोजमाप गर्दीच्या दवाखान्यात मागे पडते, हे मान्य केले पाहिजे.

सरकारी योजनांत या कामासाठी जागा आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीच्या यादीत एडीएचडीचा समावेश आहे आणि शाळांतून आढळलेली मुले जिल्हा पातळीवरील लवकर हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची तरतूद आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशन मिळते. मात्र या योजना शोधण्याच्या व पाठवण्याच्या टप्प्यावर भक्कम आणि पुढच्या वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यात विरळ आहेत.

अठराव्या वर्षी प्रश्न नव्याने उभा राहतो. बालरोगतज्ज्ञाकडील फाईल बंद होते, मूल पदवीसाठी पुणे किंवा मुंबईला जाते, आणि प्रौढांतील एडीएचडीकडे गंभीरपणे पाहणारा मनोविकारतज्ज्ञ नव्या शहरात शोधावा लागतो. त्या तज्ज्ञाने निदानाचा पुरावा मागितल्यास बालपणातील लक्षणांची नोंद, शाळेचे शेरे आणि औषधाला मिळालेला प्रतिसाद यांची कागदपत्रे उपयोगी पडतात, आणि ती सलगपणे ठेवलेली असण्याची शक्यता तज्ज्ञाच्या दवाखान्यापेक्षा, पहिल्या लसीपासून त्या मुलाला ओळखणाऱ्या फॅमिली डॉक्टरकडे अधिक असते.