ज्ञानाचा परतीचा मार्ग : महाराष्ट्रातील एचआयव्ही-संशोधन आणि त्याची सुगमता

एखाद्या रोगासंबंधीचे ज्ञान कोणत्या भाषेत सिद्ध झाले, कोठे छापले गेले आणि ज्यांच्यापासून ते मिळाले त्यांच्यापर्यंत परत पोहोचले की नाही, हा प्रश्न त्या रोगाच्या इतिहासाचाच एक भाग होय. एचआयव्हीच्या बाबतीत तो अधिक तीव्र आहे. कारण या संशोधनाचे विषय झालेले लोक बहुधा समाजाच्या कडेला राहणारे होते. महाराष्ट्र व गोवे येथील इतिहास पाहता एक विसंगती ठळकपणे नजरेस येते. जे गुप्त राहावयास हवे होते ते उघड झाले, आणि जे उघड व्हावयास हवे होते ते दीर्घकाळ दुर्गम राहिले.

भारतात या विषाणूचा पहिला पुरावा १९८६ साली चेन्नई येथे सुनीती सॉलोमन आणि निर्मला यांच्या तपासणीतून मिळाला. तपासलेले रक्त शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे होते. त्यामुळे आरंभापासूनच रोगाचे नाव एका उपेक्षित वर्गाशी जोडले गेले, आणि संशोधनाऐवजी संशयाचा प्रसार अधिक वेगाने झाला. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाच्या रक्तदानानंतरच्या तपासणीचा निष्कर्ष शासनयंत्रणेच्या हाती गेला आणि तेथील आरोग्यविषयक कायद्यान्वये त्यांना चौसष्ट दिवस स्थानबद्ध करण्यात आले. त्याच वर्षी राज्यसभेत मांडलेले एड्स प्रतिबंधक विधेयकही सक्तीची भाषा बोलत होते. ते १९९२ मध्ये मागे घेण्यात आले. व्यक्तीविषयीची माहिती शासनापर्यंत पोहोचण्यास काहीच अडथळा नव्हता, हे यावरून दिसते.

ज्ञानाचा प्रवास मात्र निराळा झाला. १९९२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. या संस्थेच्या संशोधकांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग-चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील ५२५ स्त्रिया शरीरविक्रय करणाऱ्या होत्या. त्यांच्यात संसर्गाचे प्रमाण ४९.९ टक्के आढळले. उरलेल्या ३९१ स्त्रियांत ते १३.६ टक्के होते. या दुसऱ्या गटात पतीखेरीज कोणाशीही संबंध नसलेल्या विवाहित स्त्रिया होत्या, हाच या अभ्यासाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष. संसर्ग हा केवळ विशिष्ट वस्तीचा प्रश्न आहे, या समजुतीला त्याने छेद दिला. परंतु तो १९९७ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात इंग्रजीत प्रसिद्ध झाला. पुण्याच्या रुग्णालयांतील लोकव्यवहार मराठी-हिंदीत चालत होता; त्यातून निघालेला निष्कर्ष मात्र त्या दोन्ही भाषांच्या बाहेर गेला.

याचा अर्थ आंबेगाव तालुक्यातील निरगुडसरसारख्या गावाचे उदाहरण घेतल्यास अधिक स्पष्ट होतो. भोसरीवरून जाणारा पुणे-नाशिक रस्ताच पुढे मंचरला पोहोचतो आणि तेथून निरगुडसरला जाता येते. परिसर उसाचा आहे. हंगामात तोडणीसाठी बाहेरगावचे मजूर येतात. एड्स नियंत्रणाच्या शासकीय परिभाषेत स्थलांतरित मजूर आणि मालमोटार-चालक यांची गणना संसर्गाचा दुवा ठरू शकणाऱ्या लोकांत होते. म्हणजे ज्यांच्या जीवनाशी या संशोधनाचा निकटचा संबंध, ते भोसरीच्याच रस्त्यावर राहतात. पण तेथे सिद्ध झालेला निष्कर्ष वाचण्यासाठी त्यांना परकी भाषा आणि परदेशी नियतकालिक या दोन सीमा ओलांडाव्या लागतात. येथे अंतर मैलांचे नसून भाषेचे आहे.

या स्थितीला एक महत्त्वाचा अपवाद सांगली जिल्ह्यात आढळतो. १९९२ मध्ये तेथे संपदा ग्रामीण महिला संस्थेचे, म्हणजे ‘संग्राम’चे, कार्य सुरू झाले आणि त्यातूनच १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. संघटनेच्या नावातील ‘वेश्या’ हा शब्द भाषाशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय आहे. शासकीय परिभाषेतील ‘अतिजोखमीचा गट’ ही संज्ञा धोका कृतीत नसून माणसांतच आहे असे सुचविते. परिषदेने मात्र निंदेचा शब्द स्वतःहून स्वीकारून त्याचा अर्थ बदलू पाहिला. ‘संग्राम’शी संलग्न असलेल्या केंद्राने २०११ मध्ये तीन हजार स्त्रियांच्या देशव्यापी पाहणीचे प्राथमिक निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांची पाहणी करावयाची त्यांच्या संघटनांना बरोबर घेऊन ज्ञान सिद्ध करण्याचा हा मार्ग होता.

मधल्या काळात आंतरजालाने बऱ्याच भिंती पाडल्या. वैद्यकीय लेखांची ‘पबमेड’ ही सूची १९९७ पासून सर्वांस विनामूल्य झाली. २००० पासून संपूर्ण लेखांचा खुला संग्रहही उपलब्ध झाला. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधांची संगणकीय प्रत आवश्यक ठरविली, आणि ‘शोधगंगा’ या संग्रहात ते प्रबंध पाहावयास मिळू लागले. २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेने शासकीय उच्चशिक्षण-संस्थांना हजारो नियतकालिके खुली केली. तथापि ही योजना संस्थांसाठी आहे; गावातील आशा कार्यकर्ती किंवा छोटी संघटना तिच्या कक्षेत येत नाही. शिवाय खुला लेख म्हणजे समजणारा लेख नव्हे. उपलब्धता आणि सुगमता यांत भेद केलाच पाहिजे.

सुगमतेलाही मर्यादा आहे, आणि ती गोव्यातील घटनेने पूर्वीच दाखवून दिली आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या २०१७ च्या एचआयव्ही व एड्स अधिनियमानुसार संबंधित व्यक्तीवर संशोधन करण्यास तिची माहितीपूर्वक संमती लागते, आणि तिची स्थिती उघड करण्यावरही निर्बंध आहेत. पुण्यासारख्या शहरात नाव वगळले की ओळख बहुधा लपते. निरगुडसरसारख्या गावात मात्र वय, जात आणि व्यवसाय एवढे छापले तरी पुरते. वाचणारा माणूस ओळखतो. म्हणून निष्कर्ष जितके खुले, तितकी माणसांची ओळख बंद, हेच सूत्र योग्य होय.

या दृष्टीने विद्यापीठीय विभागांवर एक साधी जबाबदारी येते. उपेक्षितांवरील प्रत्येक प्रबंधाला बोलीभाषेशी जवळीक राखणारा मराठी सारांश जोडावा, ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्या संघटनांकडून तो आधी वाचून घ्यावा, आणि मगच आंतरजालावर ठेवावा. संज्ञा ठरविताना त्या लोकांचे शब्द ऐकावेत. हे काम अनुवादाचे वाटले तरी वस्तुतः ते ऋणफेडीचे आहे. ज्यांनी उत्तरे दिली, त्यांना निष्कर्ष कळण्याचा पहिला अधिकार आहे.